पोर्ट उघडले, तरी मळ्यातले कॅमेरे दिसेनात

पत्र: आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात, राहायला आम्ही नाशकात इंदिरानगरला. मळ्यातल्या शेडमध्ये चार कॅमेरे आणि डीव्हीआर बसवलाय. केबलवाल्याने फायबर दिलं, त्याचा पांढरा डबा आहे. रेंज पुरेना म्हणून त्याला माझा एक राउटर जोडला आणि डीव्हीआर त्या राउटरवर घेतला. कॅमेरेवाल्याने ८०, ५५४ आणि ८००० हे पोर्ट फॉरवर्ड करायला सांगितले, ते व्हिडिओ बघून केले. मळ्यातल्या वायफायवर चित्र छान दिसतं, घरून काहीच नाही. पोर्ट तपासायच्या साइटवर ‘बंद’ येतं. माझ्या राउटरवर वॅन आयपी १९२.१६८.१.५ आहे, केबलवाल्याच्या डब्यावर १००.८१ ने सुरू होणारा. केबलवाला म्हणतो लाइन ओके, कॅमेरेवाला म्हणतो डीव्हीआर ओके. भाचा म्हणतो डीएमझेड चालू करा, सगळं सुटेल. जानेवारीत खुडा सुरू व्हायच्या आत हे चालायला हवं. करू का?
— एक बागायतदार, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: डीएमझेड, म्हणजे बाहेरून येणारं सगळं थेट एका यंत्राकडे सोडणं, करू नका. आज केलंत तरी घरून काही दिसणार नाही, आणि पुढे कधी दिसायला लागलं, तर तुमच्याआधी भलत्यांना दिसेल. केबलवाला आणि कॅमेरेवाला दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत. तुम्ही नियमही बहुधा बरोबरच लिहिलेत. ते लिहिले त्या ठिकाणी बाहेरचं कुणी पोचतच नाही, एवढाच घोळ आहे. आणि त्याचं उत्तर तुमच्याच पत्रातल्या दोन आकड्यांत आहे. वॅनचे, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचे, आकडे न सांगता ‘पोर्ट उघडत नाही’ एवढंच कळवणारे पुष्कळ असतात. तुम्ही ते लिहिलेत, म्हणून इथे नेमकं सांगता येतंय.

जुन्या नाशकातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर दार एकच, आत दहा बिऱ्हाडं. आतून कुणी पत्र धाडलं की देवडीवरचा माणूस वहीत लिहून ठेवतो, आणि उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याला पोचवतो. पण बाहेरून आपणहून कुणी आलं तर वहीत नोंद नसते, त्याला दारातूनच परत पाठवतात. राउटरमधलं नॅट हेच काम करतं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे देवडीवरच्या माणसाला दिलेली कायमची सूचना: अमुक नंबर (म्हणजे पोर्ट) सांगत कुणी आलं तर तमक्या बिऱ्हाडात सोड. ही सूचना रस्त्यालगतच्या देवडीवर द्यावी लागते. तुमच्याकडे वाड्यात वाडा, त्यात आणखी एक वाडा आहे, आणि तुम्ही सूचना दिलीत ती सगळ्यांत आतल्या देवडीवर.

पहिला आकडा १९२.१६८.१.५. हा खासगी पत्ता आहे. असे पत्ते तीन गटांत येतात: १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे, १० ने सुरू होणारे सगळे, आणि १७२.१६ ते १७२.३१. राउटरच्या वॅनवर यांपैकी काही दिसलं, की वर आणखी एक राउटर बसलाय हे नक्की. तुमच्या बाबतीत तो केबलवाल्याचा पांढरा डबा, म्हणजे ओएनटी.

दुसरा आकडा १००.८१. सरळ बघितला तर तो सार्वजनिक पत्त्यासारखा वाटतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा पट्टा २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. मग कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवू लागल्या. याला सीजीनॅट म्हणतात. ती देवडी कंपनीच्या यंत्रात आहे. तिच्यावर सूचना लिहायचा अधिकार ना तुम्हाला, ना लाइन ओढून देणाऱ्या मुलाला. पोर्ट तपासणारी साइट कंपनीच्या त्या सामायिक पत्त्यावर टकटक करते आणि ‘बंद’ सांगते. तुमच्या डब्यापर्यंत ती येतच नाही.

स्वतः खात्री करायची तर मळ्यातल्या वायफायवर फोन जोडा, मोबाइल डेटा बंद ठेवा आणि ‘माझा आयपी’ दाखवणारी कुठलीही साइट उघडा. तो आकडा आणि पांढऱ्या डब्याच्या स्टेटस पानावरचा वॅन आकडा जुळला तर रस्ता मोकळा. जुळला नाही तर सीजीनॅट. (फोनवर टेलस्केल नावाचं अ‍ॅप असेल तर तेही १००.६४ च्या याच पट्ट्यातला पत्ता दाखवतं, त्याचा इथे संबंध नाही.)

तेव्हा केबलवाल्याला ‘पोर्ट उघडून दे’ असं म्हणू नका, त्यातून काही निष्पन्न होत नाही. असं सांगा: ‘माझं कनेक्शन सीजीनॅटवर आहे, मला सार्वजनिक स्टॅटिक आयपी हवा.’ त्याचे वेगळे पैसे पडतात, वर १८ टक्के जीएसटी, आणि काही कंपन्या तो फक्त व्यावसायिक प्लॅनवर देतात. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. बाहेरून आत येणारे कुठले पोर्ट कंपनीने अडवलेत का? पांढऱ्या डब्याचं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान तुमच्या लॉगिनला दिसेल का, की ते फक्त त्यांच्या अ‍ॅडमिन लॉगिनला आहे? आणि स्टॅटिक आयपी थेट डब्याच्या वॅनवर येईल, की त्यांच्याकडून एकास एक वळवला जाईल? वळवलेला असला तरी काम होतं, पण मग वॅनवर खासगी आकडाच दिसत राहतो आणि वर सांगितलेली जुळवाजुळव लागू पडत नाही.

आयपी मिळेपर्यंत मळ्यातली मांडणी सरळ करून ठेवता येईल. तुमच्या राउटरचं काम रेंज वाढवण्याचं, तर त्याला तेवढंच करू द्या. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा. नसेल तर हाताने करा: आधी त्याचा लॅन पत्ता, म्हणजे आतल्या बाजूचा पत्ता, बदला, मग डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, आणि पांढऱ्या डब्याकडून येणारी वायर त्याच्या वॅन भोकातून काढून लॅनच्या एखाद्या भोकात लावा. वायर वॅनमध्येच राहिली तर आतला वाडा तसाच उभा राहतो. तुम्ही लिहिलेले तीन नियमही पुसून टाका.

लॅन पत्ता कोणता ठेवायचा, हे जरा सावकाश ठरवा, कारण पुढचा एक चकवा इथे दडलाय. बहुतेक डबे १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० या मालिकेत येतात. तुमच्या इंदिरानगरच्या घरातही तीच मालिका असणार. पुढे घरून मळ्याच्या नेटवर्कमध्ये शिरायचं म्हटलं की फोनला कळत नाही, १९२.१६८.१.२० म्हणजे घरातला प्रिंटर की मळ्यातला डीव्हीआर. म्हणून मळ्याची मालिकाच वेगळी करा, समजा १९२.१६८.४७. पांढऱ्या डब्याचा लॅन पत्ता १९२.१६८.४७.१ करा, सेव्ह केल्यावर जुना पत्ता उघडणार नाही, वायफाय तोडून पुन्हा जोडा आणि नव्या पत्त्यावर जा. डीएचसीपीला १०० ते १९९ हा पट्टा द्या. त्याबाहेरचे पत्ते कायमच्या मंडळींना: तुमचा राउटर ४७.२, डीव्हीआर ४७.२०. ४७.१० रिकामा ठेवा, तो पुढे लागणार आहे.

डीव्हीआरमध्ये पत्ता हाताने भरा, डीएचसीपीवर सोडू नका. मळ्यात लाइट जाते-येते. लाइट आल्यावर डीव्हीआर डब्याच्या आधी जागा झाला तर त्याला पत्ता मिळत नाही आणि तो १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी निरुपयोगी पत्ता धरून बसतो. हाताने भरताना सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.४७.१. गेटवे रिकामा किंवा जुना राहणं ही फार नेहमीची चूक. मग मळ्यात चित्र दिसतं, बाहेरच्याला मात्र नाही, कारण आलेल्या माणसाला उत्तर कुठल्या दाराने पाठवायचं हे डीव्हीआरला माहीत नसतं. असल्या चुकीपायी माणसं राउटर बदलून बसतात.

आता मुख्य मुद्दा. सार्वजनिक आयपी आल्यावरही ८०, ५५४ आणि ८००० उघडू नका. कॅमेरेवाल्यांची ही जुनी सवय आहे, तिने त्यांचं काम पाच मिनिटांत उरकतं. ८० वरून जाणारं पान आणि ५५४ वरून जाणारं चित्र साधारणपणे कुलूपबंद नसतं. शिवाय सार्वजनिक पत्त्यांवर अहोरात्र यंत्रं फिरत असतात, उघडं दार हुडकत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून पाहायचे, एवढीच त्याची अक्कल, आणि ती पुरली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या उपकरणांच्या जोरावर झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या साइट काही तास बंद पडल्या. पासवर्ड बदलला म्हणजे निभावलं असंही नाही. डीव्हीआरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच भोक असेल तर पासवर्ड विचारलाच जात नाही. ८० ऐवजी ८१८१ ठेवा, असा सल्ला मिळेल. शोधणारी यंत्रं सगळे पोर्ट चाचपतात, त्याने दार लपत नाही. आणि डीएमझेड म्हणजे तर सगळेच पोर्ट एका यंत्राकडे सोडणं.

दार उघडायचंच तर एकच उघडा, आणि त्यामागे डीव्हीआर न ठेवता पहारेकरी ठेवा. हा पहारेकरी म्हणजे वायरगार्ड, एक व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून तुमच्यापुरता जाणारा कुलूपबंद बोगदा. लिनक्सच्या गाभ्यात तो २०२० पासून आहे. त्याचा मोठा गुण असा, की ओळखीची किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. ‘नाही’ असंसुद्धा म्हणत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताच लागत नाही. त्यासाठी मळ्यात एक छोटा संगणक लागेल: रास्पबेरी पाय ४ (पुढे नुसता ‘पाय’), त्याचा ५ व्होल्ट ३ अँपियरचा अडॅप्टर आणि १६ जीबी मेमरी कार्ड. फोनच्या चार्जरवर तो चालवू नका, व्होल्टेज पडलं की कार्ड खराब होऊ शकतं. तो वायफायवर न घेता वायरने पांढऱ्या डब्याला जोडा आणि ४७.१० हा पत्ता त्याला द्या.

मग पांढऱ्या डब्याच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर जा. काही डब्यांत याचं नाव ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ असतं, बहुधा नॅटच्या किंवा अ‍ॅडव्हान्सच्या मेनूखाली. नियम एकच. बाहेरचा पोर्ट ५१८२०, आतला पोर्ट ५१८२०, आतला पत्ता १९२.१६८.४७.१०, प्रोटोकॉल यूडीपी. पोर्टच्या जागी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन चौकटी असतील तर दोन्हींत ५१८२० च. प्रोटोकॉल टीसीपी राहिला तर काहीही चालणार नाही आणि चूकही कुठे दिसणार नाही. आणखी एक चौकट असते, वॅन कनेक्शन निवडायची. फायबरच्या डब्यात वॅन एकापेक्षा जास्त असू शकतात: एक इंटरनेटचा, एक फोनचा, एक कंपनीला डबा दुरून सांभाळण्यासाठी. नियम इंटरनेटच्या वॅनलाच जोडा. चुकून फोनच्या वॅनला जोडला गेला तरी पान ‘यशस्वी’ म्हणूनच सांगतं. नियम सेव्ह केल्यावर त्याच्यासमोरची ‘चालू’ची खूण लागली का तेही बघा, काही डब्यांत ती वेगळी लावावी लागते.

वायरगार्डमध्ये प्रत्येक फोनची किल्ली वेगळी करा. एकच किल्ली दोन फोनांवर टाकलीत तर दोघं एकमेकांना ढकलत राहतात. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ‘एंडपॉइंट’च्या जागी तुमचा स्टॅटिक आयपी, मग कोलन (:), मग ५१८२०. ‘अलाउड आयपी’च्या जागी १९२.१६८.४७.०/२४ आणि पायवर वायरगार्डने स्वतःसाठी धरलेली मालिका, म्हणजे फक्त मळ्याची वाहतूक बोगद्यातून जाईल आणि बाकी फोन नेहमीसारखा चालेल. पायवर आयपी फॉरवर्डिंग (आलेली वाहतूक पुढे सोडणं) चालू केलेलं असायला हवं. शिवाय फोनकडून आलेली वाहतूक मळ्याच्या लॅनमध्ये पायच्याच पत्त्याने जावी, म्हणून तिथे मास्करेडचा नियम हवा. नाहीतर फोन पायपर्यंत पोचेल आणि तिथेच अडेल. एवढं झालं की डीव्हीआरच्या अ‍ॅपमध्ये १९२.१६८.४७.२० हाच पत्ता कायमचा टाका, मळ्यात असा वा घरी.

तपासणी मळ्याच्या वायफायवर बसून करू नका. आतून बाहेरच्या पत्त्यावर जाऊन पुन्हा आत वळणं पुष्कळ डब्यांना जमत नाही, आणि चालणारी गोष्ट बंद असल्याचा भास होतो. वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, मग बोगदा सुरू करा. पोर्ट तपासायच्या साइटही इथे कामाच्या नाहीत. त्या बहुतेक टीसीपीच तपासतात, आणि वायरगार्ड अनोळख्याला उत्तर देत नसल्यामुळे त्या ‘बंद’च म्हणणार. खरी खूण अ‍ॅपमध्ये आहे: ‘लेटेस्ट हँडशेक’समोर काही सेकंदांपूर्वीची वेळ आली की दार उघडलं. हँडशेक होतो पण डीव्हीआर उघडत नाही, तर दोष पायच्या फॉरवर्डिंगमध्ये किंवा मास्करेडमध्ये. लॉगिनचं पान उघडतं आणि चित्र अडकतं, तर अ‍ॅपमध्ये एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या पुडक्याचा आकार) १२८० करून बघा. हँडशेकच नाही, तर पुन्हा वॅनचे आकडे जुळवा. कधीकधी डबा रीस्टार्ट होईपर्यंत स्टॅटिक आयपी लागू होत नाही.

चित्र दिसतं पण तुटक, असं झालं तर पोर्टला दोष देऊ नका. घरून बघताना मळ्याचा अपलोड वेग खर्च होतो, डाउनलोड नव्हे. दोन मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह एच.२६४ मध्ये ४ एमबीपीएसच्या आसपास ठेवलेला असतो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना १६. डीव्हीआरमध्ये सबस्ट्रीम (हलका दुय्यम प्रवाह) ५१२ केबीपीएसवर ठेवा आणि फोनवर तोच बघा, चारही मिळून २ एमबीपीएसमध्ये बसतात. रेकॉर्डिंग मुख्य प्रवाहाचंच होत राहील.

आता केबलवाला स्टॅटिक आयपी देतच नाही म्हणाला तर? मग फॉरवर्डिंगचा नाद सोडा. सीजीनॅट बाहेरून आत येणाऱ्याला अडवतं, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही, आणि याच फटीचा उपयोग करायचा. सर्वांत सोपा मार्ग डीव्हीआर कंपनीच्या क्लाउडचा: नेटवर्क मेनूमध्ये पी२पी चालू करा आणि पडद्यावरचा क्यूआर कोड अ‍ॅपमध्ये घ्या. नुसतं शेडमध्ये कोण आलं-गेलं एवढंच बघायचं असेल तर आमच्या मते आधी हेच करून बघा. त्याला पायही लागत नाही आणि आयपीचे पैसेही नाहीत. यात भरवसा त्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, तेव्हा खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. तो भरवसा नको असेल तर त्याच पायवर टेलस्केल टाका. तेही आतून वायरगार्डच वापरतं आणि सीजीनॅटमधून वाट काढतं. डीव्हीआरवर ते बसत नाही, म्हणून पायला ‘सबनेट राउटर’ करून १९२.१६८.४७.०/२४ ही मालिका जाहीर करायला सांगायची, आणि मग त्यांच्या वेबसाइटवरच्या खात्यात जाऊन ती मंजूर करायची. दुसरी पायरी लोक विसरतात आणि पाय दिसतो पण डीव्हीआर दिसत नाही म्हणून हैराण होतात.

तुमच्या डब्यावर आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, २ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर तोही रस्ता आहे. तिथे नॅट नाही, फॉरवर्डिंगही नाही. डब्याच्या फायरवॉलमध्ये पायच्या पत्त्याला यूडीपी ५१८२० साठी परवानगी द्यायची. पण बघणाऱ्या फोनच्या कनेक्शनलाही आयपीव्ही६ लागतं, आणि इंदिरानगरच्या वायफायवर ते नसलं तर मोबाइल डेटावर यावं लागेल.

राहिलेली किरकोळ कामं. डब्यातलं आणि डीव्हीआरमधलं यूपीएनपी बंद करा. ते चालू असेल तर डीव्हीआर तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतो. डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला आणि बाहेरून डबा उघडायची सोय तुमच्या लॉगिनमध्ये दिसत असेल तर बंद ठेवा. सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, कारण कंपनीने डब्याचं सॉफ्टवेअर बदललं की कधीकधी नियम उडतात. काहीही अडलं तरी डब्यामागचं रीसेटचं भोक टाचणीने दाबू नका: कनेक्शनचं यूजरनेम, पासवर्ड सगळं पुसलं जाईल आणि लाइनमन मळ्यात येईपर्यंत इंटरनेटच राहणार नाही. डब्याला आणि पायला बॅटरी बॅकअप घेणार असाल तर आधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचा. डबे बहुधा १२ व्होल्टचे, पाय ५ व्होल्टचा, एकाची पिन दुसऱ्यात घालू नका.

खुड्याच्या दिवसांत शेडवरच्या मुकादमालाही फोनवर कॅमेरे दाखवायचे असतील तर त्याची किल्ली वेगळी करा आणि नावानिशी लिहून ठेवा. हंगाम संपला किंवा फोन हरवला, की पायवरून तेवढी एकच किल्ली काढायची. बाकीच्यांना काही बदलावं लागत नाही.